नावाड्याचं वाक्य

माझी मुलगी पोटासाठी पाट्या लिहायची. खऱ्या गावांतल्या नाही; ज्या गावांत कुणीच राहत नाही तिथल्या खाणावळींच्या, लोहारांच्या, थडग्यांवरच्या.

इंटरनेटवरचा एक मोठा खेळ आहे. हजारो माणसं आपापल्या खोलीत बसून एकाच वेळी त्यात शिरतात. कुणी तलवारबाज होतं, कुणी वैदू, कुणी चेटकीण, आणि सगळी मिळून डोंगरदऱ्यांतून राक्षस मारत हिंडतात. तिने पहिल्यांदा मला हे समजावून सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे सगळेच नाटकात, बघायला कुणी नाही."

ती म्हणाली, "बघायला आम्ही आहोत की. पगार घेऊन बघतो."

त्या खेळात जिथे म्हणून अक्षर दिसायचं ते तिचं असायचं. तलवारीचं नाव, औषधाच्या बाटलीवरची सूचना, दुकानदार गिऱ्हाइकाला काय म्हणतो, मेलेल्या सरदाराच्या थडग्यावर काय कोरलंय. ऑफिसात तिला पाटीवाली म्हणत आणि तिला ते आवडायचं. शिकली होती वेगळंच, यंत्रांचं. तिसऱ्या वर्षाला ते सोडून ती या कामाला लागली तेव्हा मी आठवडाभर धड जेवले नव्हते. नात्यातली माणसं विचारायची, "लिहिते म्हणता, मग छापून कुठे येतं?" मी विषय बदलायचे. ती मात्र शांतपणे सांगायची, "राक्षसाच्या पोटात, मावशी. त्याला मारलं की बाहेर येतं."

तिची खरी हुशारी पाट्यांच्या आत होती. सिनेमे, जुन्या जाहिराती, टीव्हीवरच्या मालिका, गाणी असं काय काय ती त्यांत दडवून ठेवायची. त्या धंद्यात ही रीतच आहे. खेळ करणारी माणसं अशा गोष्टी लपवतात आणि खेळणारी त्या हुडकत बसतात. तिच्या ऑफिसात याला 'खडा' म्हणत. नीट चाललेल्या घासात दाताखाली येतो तसा. कामावर नवीन आलेल्या माणसाचा पहिला खडा पडेपर्यंत त्याला कुणी चहाला बोलवत नसे. नियम एकच. ज्याला ठाऊक आहे त्याला हसू फुटलं पाहिजे, आणि ज्याला ठाऊक नाही त्याला तिथे काही आहे याचा पत्ताही लागता कामा नये.

एका मालिकेत एक गुप्तहेर होता. दर भागात गुन्हेगार पकडायचा आणि जाताना छत्री विसरायचा. तिच्या खेळात दलदलीच्या काठावर एक म्हातारा भेटतो आणि कितीही मोठा वीर आला तरी त्याला सांगतो, "राजकन्या नंतर शोध. आधी माझी छत्री बघ." दंतमंजनाच्या एका जुन्या जाहिरातीचा ठेका तिने विषाच्या पुडीवर लिहिला होता. कुठल्याशा बँडच्या तबकडीच्या वेष्टनावर पाच दाढीवाले एकाच शिडीवर उभे होते. तिच्या डोंगरात पाच बुटके एकाच शिडीवर उभे राहून खाण खणतात, आणि असं का, ते कुणालाही सांगत नाहीत. मला यातलं निम्मं कळायचं. उरलेलं ती सांगायची आणि मग स्वतःच हसायची.

हा नाद तिला बापाकडून आला. तिचे बाबा व्हिडिओ कॅसेट भाड्याने द्यायचे. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, आत उभं राहिलं की डोकं पायरीला लागायचं. शाळा सुटली की ती तिथे स्टुलावर. पुढे ते दुकान बंद पडलं, ते एका कारखान्याच्या गोदामात लागले, पण बोलणं दुकानातलंच राहिलं. दूध उतू गेलं की खलनायकाच्या आवाजात शरण यायचे. वीज गेली की भुताच्या सिनेमातली म्हातारी मोलकरीण व्हायचे. माझा भाऊ घरी आला की दार उघडून कोर्टातल्या वकिलासारखं बोट रोखायचे, "हाच तो इसम." भाऊ बिचारा दर वेळी चप्पल काढता काढता ओशाळायचा. स्वतःचं असं त्यांचं बोलणं म्हणजे, "अगं ते हे... ते नाही का... बरं, जाऊ दे." बाकी सगळं उसनं. त्यांच्याशी संसार म्हणजे चार कॅसेटींशी एकदम संसार.

एकच वाक्य होतं ज्यात त्यांचा आवाज बदलायचा नाही. कुणीही घरातून निघालं, ती परीक्षेला, मी माहेरी, की ते दारात उभे राहायचे, डाव्या हाताने कानाची पाळी धरायचे आणि म्हणायचे, "पोचल्यावर विसरलीस तरी चालेल. पण पोच."

ते गोदामातच गेले, काम करता करता. ती तेव्हा दुसऱ्या गावी कामाला होती. फोन गेला तशी निघाली, पण वाटेत गाडी अडकली आणि ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. नोकरी तीच ठेवून, घरून काम करायची परवानगी घेऊन माझ्याकडे राहायला आली, आणि काही दिवसांनी तिच्या खेळात एक नावाडी आला.

त्या खेळात नवीन माणूस आधी एका लहान बेटावर उतरतो. तिथे चालायला शिकतो, तलवार धरायला शिकतो, आणि मग नावेतून मोठ्या प्रदेशात जातो. बेटावर पुन्हा येता येत नाही, म्हणून हा नावाडी ज्याला त्याला एकदाच भेटतो. पलीकडच्या धक्क्याला नाव लागली की तो डाव्या हाताने कानाची पाळी धरतो आणि म्हणतो, "पोचल्यावर विसरलास तरी चालेल. पण पोच." तिने मला आपल्या खुर्चीत बसवून ते दाखवलं. चालणं त्यांचं, पाठीचा पोक त्यांचा. माझ्या मनात आलं, बापालाही ठेवलंन आणि खडाही टाकलान.

कारण ते वाक्य कुठलं, हे मला ठाऊक होतं. आमचं लग्न ठरलं त्या वर्षी रेडिओवर एक मालिका लागायची. त्यात शेवटच्या स्टेशनावरचा एक कंदीलवाला होता, तो प्रत्येक गाडीला हे म्हणायचा. आम्ही दोघं आपापल्या घरी ती ऐकायचो. एकदा मला बसमध्ये बसवून देताना तिच्या बाबांनी ते माझ्यावर वापरलं, पुढे जन्मभर वापरलं. सिनेमातल्या सगळ्या नकला त्यांनी आवाज काढून केल्या. हे एकच साध्या आवाजात म्हटलं. मला वाटलं, जिला दंतमंजनाचा ठेका ओळखता येतो तिला हे तर ठाऊक असणारच.

नावाडी फार लाडका झाला. लोकांनी ते वाक्य कपांवर छापलं, एका मुलीने मनगटावर गोंदवून घेतलं. माझ्या लेकीने मला फोटो दाखवला आणि म्हणाली, "बघ, बाबा कुठे कुठे पोचले."

मग कंपनी विकली गेली. नव्या मालकांकडे वकील होते, आणि वकिलांना कुठून तरी समजलं होतं की असल्याच एका खेळावर कुणीतरी दावा लावलाय. आमच्या सिनेमातलं वाक्य तुमच्या राक्षसाच्या तोंडी कसं, म्हणून. हुकूम आला की सगळे खडे काढा. पण ते होते कुठे? नियमच असा की कुणाला दिसू नयेत. तिच्या टीमच्या प्रमुखाला सगळे कप्तान म्हणत. तो फोनवर तिला म्हणाला ते मी ऐकलं. "पाटीवाली, पेरलंस तू, आता वेचायचंही तुलाच."

ती वेचायला बसली. दार अर्धं उघडं ठेवून दिवसभर त्याच खुर्चीत. मी ताट घेऊन गेले की विचारायचे, "आज काय काढलंस?"

"छत्री."

"मग तो म्हातारा आता काय करतो?"

"काही नाही. हवापाणी सांगतो. म्हणतो, दलदलीपासून जपून राहा."

"म्हणजे माझ्या मामांसारखा झाला."

ती हसली, पण नुसती नाकातून. दुसऱ्या दिवशी शिडी काढली. बुटके आता जमिनीवर उभे राहून खणतात, कुणी काही विचारत नाही. दंतमंजन गेलं. जिथे जिथे तिचा हात होता तिथे तिथे 'स्वागत आहे' आणि 'सावध राहा' आलं. स्वतःच्या हाताने विणलेला स्वेटर उसवत बसल्यासारखं होतं ते. फरक इतकाच की शेवटी हातात लोकरही उरत नव्हती. डोळ्यांखाली काळं आलं. ताट तसंच परत यायचं. मी डॉक्टरांकडे चल म्हणायचे तर म्हणायची, "काय सांगू त्यांना? विनोद काढल्यामुळे थकवा आलाय?"

एका संध्याकाळी ती आपणहून स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकली. बऱ्याच दिवसांनी तिच्या तोंडावर जरा रंग होता.

"नावाडी राहणार," ती म्हणाली. "मी भांडले. त्यांना सांगितलं, बाकी सगळं घ्या, हा घेता येणार नाही. तो कशातलाच नाही. तो माझ्या बापाचा आहे."

माझ्या हातात ओलं भांडं होतं. मी ते पुसत राहिले.

"वकीलबाई तुझ्याशी दोन मिनिटं बोलणार आहे, एवढंच. वाक्य घरातलं आहे, बाहेरचं नाही, असं घरच्या कुणीतरी सांगायला हवं. घाबरू नकोस, चावत नाही ती." आणि मग हळूच म्हणाली, "सगळ्या खेळात माझ्याकडे तेवढंच एक आहे, आई, जे मी कुठून उचललेलं नाही."

तेव्हा मला कळलं की तिला ठाऊक नाही. तिने खडा टाकलाच नव्हता. साऱ्या जगाची उसनवारी ओळखणाऱ्या या पोरीने घरातलं उसनं वाक्य बापाचं म्हणून उराशी धरलं होतं. आणि कंदीलवाला ज्यांनी ऐकला होता, त्यांपैकी या घरात आता मीच उरले होते.

पुढचे दिवस मी नुसती खोल्यांतून फिरत होते. सांगावं तर तिच्याजवळचं शेवटचं जातं. न सांगावं तर उद्या कुठला तरी म्हातारा नातवाच्या खेळात डोकावेल, अरे हा तर आमचा कंदीलवाला म्हणेल, आणि खोटं बोलली म्हणून नोकरी जाईल, दावा होईल. माझं डोकं एकदा चालू लागलं की थेट कोर्टापर्यंत जातं. बोलणं ठरलं त्या सकाळपर्यंत मी काहीच ठरवलं नव्हतं.

तिने मला लॅपटॉपसमोर बसवलं आणि स्वतः बाजूला, स्क्रीनमध्ये दिसणार नाही अशी बसली. वकीलबाई तिच्यापेक्षाही लहान होती, केस ओले होते.

"काकू, दोनच प्रश्न. हे वाक्य तुमचे मिस्टर म्हणायचे?"

"रोज."

"कधीपासून?"

"लग्नाच्या आधीपासून."

मुलीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"त्यांना स्वतःलाच सुचलेलं? कुठे ऐकलेलं, वाचलेलं नाही?"

"त्यांचंच आहे."

"नक्की ना? मला तसं लिहावं लागेल, म्हणून विचारते."

"अहो, संसार मी केलाय त्यांच्याशी."

वकीलबाई हसली. "मग झालं तर. त्रास दिला तुम्हाला."

लॅपटॉप मिटला. मी उठून पडदा सारखा करायला गेले. मागून ती म्हणाली, "कुठलं आहे ते?"

"काय कुठलं?"

"आई, मी पोटासाठी काय करते?"

मी पडद्याला धरून उभी राहिले.

"बाबांचं वाक्य कधी पुरं व्हायचं?" ती म्हणाली. आवाज अगदी शांत होता, ऑफिसातला. "ते हे, ते नाही का, जाऊ दे. आणि हे बघ. दोन तुकडे, मधे थांबायला जागा, आणि शेवटी तो एकच शब्द. हे कुणीतरी बसून लिहिलंय. दुसऱ्या कुणाचे बाबा असते तर मला पहिल्याच दिवशी कळलं असतं."

मी सांगितलं. रेडिओ, शेवटचं स्टेशन, कंदील, बस, सगळं. तिने कामाच्या माणसासारखे प्रश्न विचारले. मालिका आता कुणाकडे असेल? कुणाकडेच नसेल, तेव्हा कोण जपून ठेवत होतं. लिहिली कुणी? नाव शेवटी सांगायचे, तोवर आम्ही रेडिओ बंद केलेला असायचा.

"म्हणजे खरंच कुणीतरी लिहिलंय," ती म्हणाली.

"अगं, पण त्यांनी आयुष्यभर इतकं ऐकलं, त्यातून तुझ्यासाठी हे निवडलं ना?"

"माझ्यासाठी नाही निवडलं. तुझ्यासाठी निवडलं, बसमध्ये. मला तयार मिळालं." मग म्हणाली, "कॅसेट परत करायला येणाऱ्या माणसालाही म्हणायचे. मी स्टुलावर बसून ऐकलंय. मला वाटायचं, माझं त्याला कसं देतात."

मी तिच्या विनवण्या केल्या. कोण शोधणार आहे, रेकॉर्डिंगसुद्धा नाही, गप्प बस, आता तर माझं बोलणंही झालंय. ती म्हणाली, "शोधणारे लाखो आहेत, आई. शोधणं हाच त्यांचा खेळ. आणि कुणाला नाही सापडलं तरी मला सापडलंय. मग तो खडाच झाला. खडे काढायचं काम माझं आहे."

तिने त्याच दिवशी वकीलबाईला कळवलं. 'आईला नीट आठवत नव्हतं' असं लिहिलं. खोटेपणा माझ्यावर येऊ दिला नाही. वाक्याच्या जागी 'प्रवास सुखाचा होवो' आलं. कप्तान म्हणाला म्हणे, निदान कान तरी धरू दे त्याला, कान काही कुणाच्या मालकीचा नाही. तिने नावाड्याचा हातही खाली घेतला. आता तो सरळ उभा राहतो आणि बोलून झालं की दुसरीकडे बघतो.

खेळणाऱ्यांना ते सोसलं नाही. जुने खेळाडू त्या पलीकडच्या धक्क्यावर जमायला लागले. नाव लागली की उतरणाऱ्या नवख्याला ते स्वतःच वाक्य टाइप करून सांगायचे, एकामागून एक. तिने मला दाखवलं तेव्हा मला वाटलं, चला, इतकी माणसं आहेत, ही सांभाळतील. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो काढला नाही, पण तिचा खांदा लाकडासारखा होता.

मग वरून निरोप आला की खेळाडूंच्या तोंडीही ते नको. शिव्या अडवायची एक यादी असते. त्यातला शब्द कुणी टाइप केला की समोरच्याला अक्षरांच्या जागी नुसत्या चांदण्या दिसतात. ते वाक्य त्या यादीत घालायचं होतं. कप्तान म्हणाला, मी दुसऱ्या कुणाला सांगतो. ती नको म्हणाली. तिने स्वतः घातलं, दोन घाणेरड्या शिव्यांच्या मधे, अक्षरांच्या क्रमाने जिथे बसतं तिथे. धक्क्यावरची माणसं काही दिवस तरीही तेच टाइप करत राहिली, उमटायच्या नुसत्या चांदण्या. नव्याने उतरणाऱ्यांना त्यांचा अर्थ कळेना. त्यांना वाटलं, ही सगळी आपल्याला शिव्या देतायत. मग हळूहळू धक्का रिकामा झाला.

वेचून झालं तशी वेचणारीची गरजही संपली. कप्तानाने फोनवर सांगितलं आणि तोच रडला. ती त्याला समजावत होती, "अरे, चालायचंच." आता ती एका बँकेच्या ॲपसाठी शब्द लिहिते. 'पुढे जा.' 'रद्द करा.' 'पुन्हा प्रयत्न करा.' पगार जास्त आहे, वेळेवर घरी येते, ताट संपवते. नात्यातल्यांना सांगायला सोपं झालं. ती मावशी परवा म्हणाली, "सुटली बाई एकदाची त्या खेळातून."

मला मात्र तिची भीती वाटते. घरात टीव्ही लागत नाही, गाणं लागत नाही. आणि तिला एक नवीन सवय लागलीय. मी काहीही बोलले की ती क्षणभर थांबते, मान जराशी तिरकी करते आणि विचारते, "हे कुठलं?"

परवा तिला ताप होता. कपाळावर हात ठेवून मी म्हटलं, "झोप तू. मी आहे इथे."

डोळे न उघडता ती म्हणाली, "हे कुठलं?"

"कुठलं म्हणजे? माझं."

"नक्की?"

मी हो म्हणायला गेले आणि अडकले. माझी आई म्हणायची हे, माझ्या कपाळावर हात ठेवून. तिने कुठून घेतलं होतं? तिलाही सिनेमाचं वेड होतं. कुठल्या तरी नटीने कुठल्या तरी पलंगाशी बसून असंच म्हटलं नसेल कशावरून? मी तिथेच बसून राहिले, पण पुन्हा काही बोलले नाही. तिने कूस बदलली. तिला उत्तर मिळालं होतं.

सकाळी ती कामाला निघते तेव्हा मी अजून दारात जाते. जपून जा म्हणावंसं वाटतं, लवकर ये म्हणावंसं वाटतं. काहीच म्हणत नाही. ती लिफ्टचं बटण दाबते, आणि लिफ्ट येईपर्यंत आम्ही दोघी दारावरच्या बदलत्या आकड्यांकडे बघत उभ्या राहतो.